पिंजऱ्याखालची परात

४ मार्च १९७४, सोमवार

स्वयंपाकाला म्हणून ठेवलेल्या बाईनं उंदरांचं मुताचं भांडं घासायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखवा. तीन वर्षं झाली मी ह्या बंगल्यात चूल सांभाळते. चूल कसली, गॅस. मडमला पिठलं खायला मी शिकवलं. साहेबाला ठेचा सोसायला मी लावला, आता तो स्वतः मागून घेतो आणि डोळे पुसत खातो. आणि आज सकाळी कंपनीच्या वेलफेअरचे अण्णासाहेब येऊन म्हणतात, "सरूबाई, साहेब आणि मडम अडीच महिने जर्मनीला चाललेत. त्या दोन जनावरांचं तुम्ही बघायचं. पिंजऱ्याखालचा पॅन रोज काढायचा, आठवड्यानं धुवायचा."

मी म्हणलं, मी स्वयंपाकीण आहे.

तर म्हणतात, "तुम्हाला काय जड आहे त्यात? तुमच्या लोकांना सवय असते."

हातात पळी होती. ती ओट्यावर ठेवली. ठेवली ते बरं झालं. मी म्हणलं, अण्णासाहेब, छप्पन साली माझ्या बापानं मोशीत मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. गावानं पाणी बंद केलं, वाण्यानं मीठ बंद केलं, बाप हटला नाही. मी त्याची लेक आहे.

अण्णासाहेब वर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

तेवढ्यात मडम आली. आमचं बोलणं तिला कळलं नसेल, सूर कळला. ती गुडघ्यावर बसली, पिंजऱ्याखालचा पत्रा ओढला, भुसा आणि लेंड्या कागदावर ओतल्या, कोपरे बोटानं साफ केले, फडक्यानं पुसून नवा भुसा पसरला आणि पत्रा परत सरकवला. मग हात धुतले. रोज तीच करते हे मला ठाऊक होतं, पण उभं राहून कधी बघितलं नव्हतं.

मी अण्णासाहेबांना म्हणलं, "ह्यांच्या लोकांनाही सवय दिसते."

मग मडमला सांगितलं, करीन. तिच्या-माझ्यातली गोष्ट म्हणून करीन. पण एक जूनपासून बंगल्याची माणसं कंपनीच्या रजिस्टरवर घेणार आहेत, तिथं माझ्या नावापुढं स्वयंपाकीण असंच पडलं पाहिजे. मागची खोली ह्याच नोकरीवर मिळालीय. आणि नीलानं उद्या कुणाला सांगितलं आई काय करते, तर तिला तोंडात शब्द घोळवावा लागू नये. मडमनं मान हलवली. अण्णासाहेब म्हणाले, "लिहू, लिहू."

ही वही मडमनंच दिली. पॅन काढला की रोज खूण करायची, जनावरांना काही झालं तर लिहायचं. तिला मराठी वाचता येत नाही. मग मला वाटेल ते मी लिहिणार.

७ मार्च, गुरुवार

गेली एकदाची. विमानाला जायचं म्हणून टॅक्सीत बसली आणि परत उतरून पिंजऱ्यापाशी गेली. साहेब घड्याळ बघत होता. माझ्या गळ्यात पडली नाही, पण पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. तऱ्हाच.

तिनं इंग्रजीत चार पानं नियम लिहून ठेवलेत. नीला नववीत आहे, तिनं वाचून मराठी करून सांगितलं. जनावरांच्या अंगावर पाणी पडू द्यायचं नाही. गरमी अजिबात सोसत नाही. अंघोळ मातीची, डब्यातली बारीक राख-माती बशीत द्यायची, त्यात लोळतात. पॅन ओला सरकवायचा नाही, उन्हात खडखडीत वाळवूनच. भुसा घालायचा तो जर्मनीहून मशिनी येतात त्या खोक्यांच्या पांढऱ्या लाकडाचा, कंपनीचा सुतार रंधा मारून देतो. पॅनला पांढरा थर धरला तर शिरका, मडम त्याला व्हिनेगर म्हणते, तो लावायचा आणि लगेच धुवायचा.

मी नीलाला म्हणलं, तू जन्मलीस तेव्हा एवढे नियम नव्हते.

ती म्हणते, "म्हणूनच मी अशी झाले."

आता जनावरं. नाव चिंचिला. कान उंदराचे, शेपटी खारीची, बसायचा रुबाब सशाचा. राखाडी लोकर इतकी मऊ की हात लावला तरी लागल्याचं कळत नाही. मडमनं ठेवलेली नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. नर आहे तो ढब्ब्या, दिवसभर झोपा काढतो. मादी ठकी.

मडम त्या पत्र्याला पॅन म्हणते. मी ताट म्हणणार नव्हते, ताटात माणसं जेवतात. म्हणून पॅन.

आज पहिल्यांदा काढला. लेंड्या सुक्या, तांदळाएवढ्या, वास नाही. मनात म्हणलं, ह्याच्यासाठी एवढा तमाशा केला मी? तेवढ्यात ठकी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, माझ्याकडे नीट बघितलं आणि धार मारली. नेम धरून. थेट हनुवटीवर.

मी तिला जे बोलले ते लिहीत नाही. खूण केली.

१० मार्च, रविवार

पॅन धुतला. कोपऱ्यात पांढरा चुना धरल्यासारखा थर होता. मडमची शिरक्याची बाटली काढली तर तळाला चार थेंब. विचारलं, तर आमचे हे, म्हणजे कोंडीराम (तोंडानं नाव घेत नाही, वहीत लिहायला काय), फौंड्रीतून शिफ्ट करून आले होते, परदेशी बाटली दिसली म्हणून एक घोट घेतला. मग तो घोट मोरीत, आणि बाटली सांडली ती पण मोरीत.

"काय पितात गं ही माणसं," म्हणतात.

"पीत नाहीत. उंदराचं मूत काढतात त्यानं."

मग दुपारी जेवले नाहीत.

शिरका नाही तर नाही. आंबटाला काय कमी आहे? डब्यातली चिंच काढली, भिजवली, आमच्या खोलीतल्या चुलीची राख घेतली आणि घासला पॅन, जसा तांब्याचा हंडा घासते तसा. पांढरं गेलं, वर चकचकीत झाला. नीलाला बोलावून दाखवला. मडमचा शिरका घेऊन बसा म्हणावं. आठवड्यानं कशाला, रोज घासणार. माझ्या हातचं भांडं आहे, जगानं बघावं.

२२ मार्च, शुक्रवार

रोज घासते. पण काही दिवसांपासून पॅनची झळाळी जाऊन काळपट दिसतोय, मधे मधे लालसर ठिपके. मडमनं हलका माल घेतला असणार. आणखी जोर लावून घासला.

ठकी आता धार मारत नाही. मी आले की पुढचे दोन पाय जाळीला लावून उभी राहते. डाव्या कानामागं खाजवलं तर डोळे मिटते. लाड म्हणून नाही, तसं केलं की पॅन ओढताना गप बसते, काम लवकर होतं.

२ एप्रिल, मंगळवार

पॅनला भोक पडलं. एक नाही, तीन. खालच्या लाकडी पेटीवर डाग पडला.

पॅन फडक्यात गुंडाळून चिंचवडात अन्वरभाईच्या दुकानात घेऊन गेले. अन्वरभाई पत्र्याचं काम करतात, पेट्या, डबे, नळकांडी. त्यांनी पॅन उजेडाकडे धरला आणि भोकातनं माझ्याकडे बघितलं.

"आक्का, ह्याला काय लावलं?"

"चिंच आन् राख."

"कवा?"

"रोज."

"रोज?" घर दुकानाच्या मागंच आहे, बायकोला हाक मारली. "खातून, जरा बाहेर ये. बघ, आक्कांनी महिन्यात पत्र्याची कातडी सोलून काढली."

खातूनबी पदराआड हसली. मला राग आला, पण माणूस खरं सांगत होता. म्हणाले, हा लोखंडाचा पत्रा, वर जस्ताचा हात दिलेला असतो. आंबट ते जस्त खातं. पितळ चिंचेनं उजळतं, तांबं उजळतं, हे भांडं वेगळ्या जातीचं. जस्त गेलं की खाली उघडं लोखंड, वर जनावराचं पाणी. मग काय राहतंय?

म्हणजे ज्या कामाला मी अंगाचा घाम काढला त्याच कामानं भांडं गेलं. जन्मभर सगळ्या भांड्यांना एकच औषध लावत आले. कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नवा पॅन शनिवारी देतो म्हणाले. तोवर काय? मडमच्या कपाटात केकचे ट्रे आहेत, चौकोनी, नीट बसले असते. पण ती भांडी तिनं माझ्या भरवशावर ठेवलीत, त्यात मी असलं काही घालणार नाही. घरी गेले, माझी लग्नातली पितळी परात काढली. पिंजरा दोन विटांवर चढवला, खाली परात, वर भुसा. गोल परात, चौकोनी पिंजरा, कोपऱ्यांना कागद.

आमचे हे उभे राहून बघत होते. "सासऱ्यानं दिलेली परात हाय ती."

"मग माझ्या बापाची आहे. तुमचं काय जातंय?"

खूण केली. पॅन नाही, परात साफ असं लिहिलं.

३ एप्रिल, बुधवार

आजच नेमकं अण्णासाहेबांना बायको घेऊन यायचं सुचलं. प्रभावतीबाई. त्यांना विलायती जनावरं बघायची होती. बारा वाजलेले, जेवायला थांबले. मी भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि कोथिंबिरीच्या वड्या केल्या. प्रभावतीबाईंनी सहा वड्या खाल्ल्या. मी मोजत नव्हते, ताट समोर होतं. दुसऱ्यांदा वांगं घेतलं. म्हणाल्या, "अहो, ह्या गोऱ्या लोकांनी बाई मोठी सुगरण मिळवली हो! कुठली आहे? बोलवा तरी, वड्यांचं प्रमाण विचारते."

अण्णासाहेब पाणी प्यायला लागले.

मी म्हणलं, "मीच. मोशीची. डाळीचं पीठ दोन वाट्या, कोथिंबीर अख्खी जुडी."

प्रभावतीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. तिथं मी मडमला विचारून बाबासाहेबांचा फोटो लावलाय. हातातली वडी त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली. पोट भरलं असेल, सहा झाल्या होत्या.

मग जनावरं बघायला गेल्या आणि त्यांना परात दिसली.

"अगो बाई! कणकेच्या परातीत हे? अहो, बघितलंत का? ह्याच परातीतलं आपण जेवलो की काय!"

मी म्हणलं, परात माझ्या घरची आहे, बंगल्याची नाही, आणि भाकरी काठवटीत केलीय. पण कोण ऐकतंय. त्या परात नीट बघायला वाकल्या. मी म्हणणार होते की बाई, वाकू नका. खरंच म्हणणार होते. पण ठकी उभी राहिली होती, आणि सांगायला माझा अंमळ उशीर झाला.

चष्म्यावर. दोन्ही काचांवर.

जाताना अण्णासाहेब मला म्हणाले, "सरूबाई, हे बरं नाही झालं." म्हणजे जनावराला मी शिकवलं होतं जणू. ह्या माणसाला कण्याच्या जागी शेवग्याची शेंग आहे.

६ एप्रिल, शनिवार

पॅन आला. अन्वरभाई स्वतः घेऊन आले, खातूनबी पण. जनावर दात लावतं म्हणून सांगितलं होतं, तर त्यांनी कुठं शिसं लावून जोडलेलंच नाही, कडा दुमडून ठोकल्यात, कोपरे असे की बोट फिरवलं तरी टोचत नाही. ओढायला पुढं मूठ बसवलीय. मडमच्या पॅनला ती नव्हती. मजुरी विचारली तर म्हणाले, "पिठलं करा आक्का. खातून महिनाभर म्हणतेय, बंगल्यातल्या सरूआक्काच्या पिठल्याचं नाव हाय."

आमच्या खोलीत बसून जेवले. अन्वरभाईंनी तिसरी भाकरी घेतली तेव्हा खातूनबीनं त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी चौथी पण घेतली.

परात परत आणून चिंच लावून घासली. ती पितळी आहे, तिला चालते. वरून तीनदा उकळतं पाणी. आता तिच्यात पीठ मळते की नाही ते मी लिहिणार नाही.

१५ एप्रिल, सोमवार

काल जयंती. पांढरं लुगडं नेसून सकाळीच पिंपरीला गेलो सगळे. निळे झेंडे, लेझीम, नीला पोरींच्या रांगेत पुढं. अकराला ऊन असं तापलं की डांबराला चपला चिकटायला लागल्या. आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, बंगल्यातला पंखा मी चालू ठेवलाय का?

मिरवणूक सोडून निघाले. रिक्षा नाही, काही नाही, चालत. मागं बघते तर आमचे हे पण येत होते. "तू कशाला आलीस, मी बघून येणारच होतो," म्हणतात.

पंख्याचं बटण चालू होतं, पण लाईट गेली होती. दोघं पिंजऱ्यात लोळागोळा पडलेले, कान लालभडक, तोंडं उघडी. ठकीनं माझ्याकडे बघितलं पण उठली नाही.

पाणी ओतायची सोय नाही, अंगाला पाणी चालत नाही. मग मोरीपाशी पडलेल्या दोन शहाबादी फरशा उचलल्या, माठाच्या गार पाण्यात बुडवल्या, खडखडीत पुसल्या आणि पिंजऱ्यात ठेवल्या. दोघं सरपटत येऊन त्यावर पोट टेकून पडली. खिडक्यांना ओली पोती. आमचे हे नव्या पांढऱ्या सदऱ्यात खाली बसले आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. भट्टीपुढं वीस वर्षं काढलेला माणूस.

मी म्हणलं, "मला कधी घातला नाही वारा."

"तू कवा अशी गप पडलीस?"

दोन वाजता लाईट आली. मडमचं लोणी बाजूला सारून एक फरशी फ्रिजमध्ये, एक पिंजऱ्यात, तासाला बदली. फरशांच्या पण शिफ्ट. चारला ढब्ब्या उठला आणि ह्यांच्या बोटाला चावला. हे इतके खूश झाले की बोट मला तीनदा दाखवलं.

मला काय, मेली असती तर मडमला काय तोंड दाखवलं असतं, एवढीच काळजी. रात्री जेवण गेलं नाही, ते उन्हामुळं.

खूण राहिली होती, आज दोन केल्या.

२९ एप्रिल, सोमवार

सगळं ठीक. पॅन साफ, आठवड्याला सोड्यानं धुते, चिंच नाही. अण्णासाहेब हल्ली आले तर फाटकातूनच विचारून जातात. अजून परातीवरच अडलेत. मी आज ह्यांना म्हणलं, प्रभावतीबाईंच्या घरी जाऊन परात नेऊन दाखवू का? बघा म्हणावं, माझी आहे, नाव कोरलंय.

हे बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "सरू, ती परातीवर न्हाई अडली."

"मग? चष्म्यावर?"

"वडी खाली ठेवली तवा परात कुठं बघितली व्हती तिनं?"

मी म्हणलं, पोट भरलं होतं तिचं. हे तंबाखू तोंडात टाकून शिफ्टला गेले.

सहा वड्या खाल्ल्या होत्या. सातवी हातात होती. भरलेल्या पोटानं कुणी सातवी उचलत नाही.

९ मे, गुरुवार

रेल्वेचा संप लागला, लोकल बंद. अण्णासाहेब पुण्याहून स्कूटरवर आले, घामाघूम. मी सरबत दिलं. प्यायले. मग बॅगेतून कागद काढला, मराठीत टाईप केलेला. "रजिस्टरसाठी. इथं अंगठा द्या." शाईची डबी पण आणली होती, माणूस तयारीचा.

मी म्हणलं, मी सही करते. आणि सही करायच्या आधी वाचते.

"अहो, वाचायला काय आहे त्यात."

टाईपच्या अक्षराला मला वेळ लागतो. दुसरीपर्यंत शाळा, त्यातली निम्मी म्हशींमागं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेले. ते स्कूटरची किल्ली वाजवत बसले. माझं नाव बरोबर होतं. पुढं हुद्दा. स. मग फ ला काना, फा. मग ई. सफाई. पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं माझंच चुकतंय. चुकलं नव्हतं.

"हे काय?"

"अहो पगार तोच. खोली तीच. स्वयंपाकाला रुक्मिणीबाई म्हणून एक येतायत, आमच्या घरच्या ओळखीतल्या. तुमच्याकडे पिंजरा आणि झाडलोट. कामाचा ताण कमी होईल तुमचा."

"माझ्या हातचं काय वाईट झालं?"

"ते परातीचं... तक्रार आहे ना तशी."

"कुणाची?"

पंखा आज चालू होता, तरी वर बघत राहिले.

मी कागद घडी करून त्यांच्या ग्लासाखाली ठेवला. म्हणलं, "सरबत कसं झालं होतं?"

"चांगलं होतं."

"सफाईवालीनं केलंय."

सही केली नाही. पॅन साफ केला. ठकीला खाजवताना तिनं माझं बोट तोंडात धरलं, चावली नाही.

१४ मे, मंगळवार

मडमचं पत्र ऑफिसात आलं. पंचवीस तारखेला येतात. तिनं लिहिलंय, रोजची वही कुणाकडून तरी इंग्रजीत करून ठेवा, मला सगळं वाचायचंय. अण्णासाहेबांचा शिपाई निरोप घेऊन आला, वही द्या, अण्णासाहेब स्वतः भाषांतर करणार.

नीलानं ऐकलं आणि मला आत ओढलं. "आई, तू काय काय लिहिलंयस त्यात?"

"सगळं."

तिनं वही घेतली आणि वाचत गेली. शेवग्याच्या शेंगेपाशी हसली, मग रडकुंडीला आली. "फाड. ही तीन पानं फाड. खुणांची ठेव फक्त. नाहीतर नोकरी पण जाईल आणि खोली पण."

आमचे हे म्हणाले, "भोकाचं पान बी फाड मग. चिंचेचं."

मी विचार केला. ते पान तर मलाच पहिलं फाडावंसं वाटतंय. मडमचा पॅन मी खाल्ला, हे तिला कशाला कळावं? पण माझी चूक फाडली आणि अण्णासाहेबांची पानं ठेवली तर कोण मला खरं मानणार, आणि त्यांची फाडली तर उरलेल्याला काय अर्थ? पानं मोजून दिलेली वही आहे, वर आकडे छापलेत. एक गेलं तरी दिसतं.

शिपायाला म्हणलं, शुक्रवारी देते. एक पान लिहायचं राहिलंय.

१७ मे, शुक्रवार

अण्णासाहेब, हे पान तुम्हाला.

पहिल्यापासून वाचत आला असाल तर मी तुम्हाला काय काय म्हणलंय ते कळलं असेल. खोडलेलं नाही. इंग्रजीत शेवग्याच्या शेंगेला काय म्हणतात मला माहीत नाही, नीलाला विचारलं, तिलाही नाही. तुम्ही शोधा. माझी चूक पण तशीच ठेवलीय, पॅन मी घासून घासून मारला, मडमला ते पण करून द्या. एक पान गाळलं तर मडम आकडे बघेल. ती माणूस तशी आहे, लेंडी पण मोजते.

परात माझी होती. परातीचं नाव आता पुढं करू नका. वडी खाली का ठेवली ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आता मलाही ठाऊक आहे. पॅन काढल्यानं माझे हात स्वयंपाकाला चालत नसतील, तर मडमचे हात पण चालणार नाहीत. तिनं जायच्या आधी एका रविवारी केलेला केक तुम्ही दोन वेळा मागून घेतला होतात, मी वाढला होता.

मला सोमवारी, वीस तारखेला, अकराचा भोंगा व्हायच्या आत कागदावर उत्तर पाहिजे. हुद्दा स्वयंपाकीण. तोंडी "लिहू, लिहू" चालणार नाही, मी वाचून बघणार. तसा कागद आला तर पॅन मी काढतच राहीन, मडमशी बोललेय म्हणून, रजिस्टरात तो नसला तरी. नाही आला तर भोंग्यानंतर पिंजऱ्याची किल्ली तुमच्या टेबलावर. पंचवीसपर्यंत पाच दिवस आहेत, मे महिना आहे. तुम्हाला अडचण नको म्हणून सांगून ठेवते.

पॅन सकाळी सातला काढा, ऊन चढायच्या आधी. मूठ धरून सरळ ओढा, तिरका ओढला तर अडतो. कोपरे बोटानंच साफ होतात, काडीनं होत नाहीत. चिंच लावू नका. ओला सरकवू नका. खोक्याचा भुसा सुताराकडे मागताना रंग लागलेली फळी नको म्हणून सांगा, तो विसरतो. फरशी तासाला बदला, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवा, पुसून. लाईट गेली तर पुठ्ठा दाराआड आहे. ढब्ब्या चावतो, लागत नाही. ठकीला डाव्या कानामागं खाजवल्याशिवाय ती खात नाही, उजव्या नाही, डाव्या. वाकताना चष्मा काढून ठेवा.

हे सगळं तुम्हाला जमत असेल तर माझं काही म्हणणं नाही. प्रभावतीबाईंना जमत असेल तर फारच चांगलं. दोघांनाही जमणार नसेल तर कागदावर एक शब्द बदलायचाय, टाईपरायटर तुमच्याकडेच आहे. सोमवार, वीस तारीख, अकराच्या भोंग्याच्या आत.

आजचा पॅन साफ. खूण केली.

सरूबाई कोंडीराम, स्वयंपाकीण